आधी मूठ पाहा

मार्च २०२५ च्या जागतिक आनंद अहवालात फिनलंड सलग आठव्यांदा पहिला आला, आणि आपल्याकडे सौना, सरोवरं, शाळा यांवर पुन्हा रकानेच्या रकाने भरले. कमरेच्या पट्ट्याला लोंबणाऱ्या, जेमतेम वीतभर लांबीच्या पूक्कोबद्दल मात्र कुणी चार ओळीही लिहिल्या नाहीत. फिनिश माणूस याच सुरीने मासा साफ करतो, काटक्या सोलतो, चमचा कोरतो. सन्मान म्हणून द्यायची भेटही अनेकदा हीच असते.

काटेकोर बोलायचं तर फिनलंड स्कँडिनेव्हियात मोडत नाही, पण सुऱ्यांच्या बाबतीत हा सगळा पट्टा एकच घर आहे. नॉर्वेतली टोल्लेक्निव, स्वीडनमधली मोरा गावची लाल मुठीची सुरी, सामी लोकांची लांब पात्याची लेउकू, ही सगळी पूक्कोची भावंडं. लेउकू तेवढी अंगाने मोठी, कारण तिला बर्चची झुडपं तोडायची असतात आणि हाडंही फोडायची असतात.

गेल्या काही वर्षांत या सुऱ्या जमवणाऱ्यांची संख्या वाढली, तशी ‘वायकिंग सुरी’ नावाने विकला जाणारा मालही वाढला. पात्यावर लाटांची दमास्कस नक्षी, मुठीवर ड्रॅगनचं तोंड, जाडजूड पितळी आडपट्टी. या मालाचा उत्तरेकडच्या लोहारकामाशी काही संबंध नाही. खरी पारंपरिक सुरी दिसायला अगदी साधी असते. पातं साधारण तळहाताच्या रुंदीएवढं, पाठ बहुधा सरळ. बोटं अडवणारी पट्टी नसते, कारण ही कापण्याची सुरी आहे, भोसकण्याची नाही. पात्याच्या मध्यावरून सुरू झालेला उतार थेट धारेपर्यंत जातो. धारेला वेगळा दुसरा कोन देत नाहीत. तो रुंद उतार दगडावर सपाट टेकवून घासला की झालं, म्हणून जंगलातही धार लावता येते. जुन्या पात्याच्या उतारावर अनेकदा एक पुसट रेघ दिसते. मऊ लोखंडाच्या दोन थरांमध्ये कडक पोलाद बसवलेलं असतं, त्याची ती सीमारेषा.

तरीही पात्यापाशी मी फार वेळ घालवत नाही. ओळख पटते ती मुठीवरून.

फिनलंडमध्ये बर्चच्या सालीची मूठ करतात. बर्च म्हणजे भूर्ज. आपल्या पोथ्या ज्या भूर्जपत्रांवर लिहिल्या गेल्या, ती हिमालयातल्या भूर्जाची साल, आणि हे झाड त्याचंच उत्तरेकडचं भावंड. उन्हाळ्याच्या सुरुवातीला साल झाडावरून सहज सुटते तेव्हा ती काढून ठेवतात. मग तिचे छोटे चौकोन कापतात, प्रत्येकाला मधोमध भोक पाडतात आणि पात्याच्या मागच्या निमुळत्या दांड्यावर एकावर एक ओवत जातात. सगळी चळत दाबून घट्ट करतात, शेवटी धातूची चकती बसवतात आणि दांड्याचं बाहेर आलेलं टोक ठोकून चेपतात. त्यानंतर मुठीला हाताचा आकार देतात. अशी मूठ हातात घेतली की मऊ, जवळजवळ मखमली लागते. पाण्याने किंवा माशाच्या चरबीने ओली झाली तरी निसटत नाही, आणि कडाक्याच्या थंडीत धातूसारखी हाताला चावत नाही. बाजूने पाहिलं तर बंद पुस्तकाच्या पानांसारखे बारीक थर दिसतात. चामड्याच्या चकत्यांची मूठ लांबून अशीच भासते, पण तिचे थर जाड असतात.

मग मुठीचा तळ बघायचा. तिथे हातोडीने चेपलेलं टोक दिसलं तर दांडा मुठीच्या आरपार गेला आहे हे कळतं. पूर्ण गुळगुळीत तळाची सुरी खोटीच असते असं नाही. अनेक चांगल्या सुऱ्यांत दांडा मुठीत अर्ध्यावरच थांबतो. पण चेपलेलं टोक बनवणाऱ्याच्या हाताची खूण असते, आणि अशी खूण मला शिक्क्यापेक्षा अधिक बोलकी वाटते.

शिक्के अर्थातच उपयोगी आहेत. काउहावा गावात ईसाक्की यार्वेनपाने १८७९ मध्ये सुरू केलेल्या कारखान्याचा शिक्का आणि घोड्याच्या डोक्याची मूठ संग्राहकांना चटकन ओळखू येते. रोवानिएमीची मार्तीनी कंपनी १९२८ ची. मोराच्या सुरीवर ‘फ्रॉस्ट्स’ असेल तर ती जुनी असू शकते, कारण २००५ मध्ये त्या कंपनीचं शेजारच्या के. जे. एरिक्सनशी विलीनीकरण झालं. सामी कारागिरांची ‘सामी दुओजी’ ही मुद्रा १९८२ पासूनची आहे. त्याआधीच्या सामी सुरीवर ती शोधण्यात अर्थ नाही, तिथे शिंगावरचं कोरीवकाम वाचावं लागतं. दक्षिणेकडच्या सामी कामात शिंगाचा पृष्ठभाग भौमितिक नक्षीने दाट भरलेला असतो. उत्तरेकडे मोकळी जागा जास्त, आणि मधूनच रेनडिअरची आकृती.

संग्राहकांच्या एका सवयीने मात्र मला मनापासून वाईट वाटतं. जुनी सुरी हाती आली की ती चकचकीत घासायची, मूठ सँडपेपरने उजळायची. त्या काळसर थरात पन्नास-साठ वर्षांच्या हातांचा घाम आणि माशाचं तेल मुरलेलं असतं, एकदा गेलं की परत येत नाही. गंज वाढत असेल तर तेलाचं बोट फिरवावं, बस्स. ‘कधीच न वापरलेली’ म्हणून दुप्पट किंमत मागितली जाते, तीही मला पटत नाही. दगडावर वर्षानुवर्षं घासून निम्म्या रुंदीची झालेली पूक्को मी डोळे झाकून घेईन.

ती घेताना म्यान मात्र सोडू नये. ओलं चामडं सुरीभोवती ताणून, मागच्या बाजूला शिवून ते तयार होतं. आत बहुधा लाकडी अस्तर असतं, आणि मूठही बरीचशी म्यानात जाते. पातं झिजत गेलं तरी म्यानाला मूळ पात्याचा आकार आठवत असतो. आत पातं सैल हलत असेल, पण मूठ घट्ट बसत असेल, तर ही जोडी बहुधा पहिल्यापासूनची. नव्या म्यानात घातलेली जुनी सुरी असेल, तर मागची शिवण आणि पट्ट्याला अडकवायची वादी ते लगेच सांगते. विक्रेते पात्याचे फोटो न मागता पाठवतात. तुम्ही मुठीच्या तळाचा आणि म्यानाच्या पाठीचा फोटो मागा.