एकट्या प्रथिनावर भिस्त नको

पावसाळ्यात वडोदऱ्यातील माझ्या दवाखान्यात दोन प्रकारचे रुग्ण हटकून वाढतात. शहरातून येतात ते मलेरिया आणि डेंग्यूचे. कापूस पिकवणाऱ्या गावांतून येतात ते फवारणी करताना कीटकनाशकाची बाधा झालेले. एकाच्या आजारामागे डास, तर दुसऱ्याच्या आजारामागे बोंडअळीसारखी कीड. या दोन्ही शत्रूंवरचा तोडगा निसर्गाने एकाच घराण्यात ठेवला आहे, आणि ते घराणे म्हणजे मातीतला जिवाणू बॅसिलस थुरिंजिएन्सिस.

१९०१ साली जपानमध्ये इशिवाता यांना हा जिवाणू रोगट रेशीमकिड्यांत आढळला. पुढे बर्लिनर यांनी जर्मनीतील थुरिंजिया प्रांतावरून त्याचे नामकरण केले. बीजाणू तयार करताना तो प्रथिनांचे स्फटिक बनवतो. अळीने ते गिळले की तिच्या आतड्यातील अल्कधर्मी रसात ते विरघळतात आणि तिचेच पाचकरस त्या प्रथिनाला कार्यक्षम करतात. मग ते पेशींवरील विशिष्ट ग्राहींना चिकटून पेशीपटलाला छिद्रे पाडते. मानवी आतड्यात ते ग्राही नाहीत, म्हणून आपण सुरक्षित राहतो.

१९७६ साली इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटातील एका डबक्यात डासांच्या मृत अळ्या सापडल्या. त्यांतून गोल्डबर्ग आणि मार्गालिथ यांनी या जिवाणूचा ‘इस्रायलेन्सिस’ हा उपप्रकार मिळवला. १९९०च्या दशकात गोव्यात अ‍ॅनोफिलीस स्टीफेन्सीच्या अळ्यांवर त्याच्या चाचण्याही झाल्या. त्याच्या स्फटिकात प्रामुख्याने चार विषे असतात : क्राय-४ए, क्राय-४बी, क्राय-११ए आणि साइट-१ए. यांतील साइट-१ए विलक्षण आहे. ते ग्राहीची वाट न पाहता थेट पेशीपटलात रुतते आणि स्वतःच क्राय-११एचा ग्राही बनते, हे २००५ साली सिद्ध झाले. कुलूप बदलून चोराला अडवावे, तर चोर स्वतःचेच दार बरोबर घेऊन येतो! अनेक दशके वापरूनही या संपूर्ण मिश्रणाला डासांनी फारशी दाद दिलेली नाही असे नव्हे, तर त्याला पुरून उरणे त्यांना जमलेले नाही.

याउलट बॅसिलस स्फेरिकसची भिस्त मुख्यतः ‘बिन’ या एकाच विषावर आणि त्याच्या एकाच ग्राहीवर. कोचीतील क्युलेक्स डासांमध्ये त्याविरुद्ध तीव्र प्रतिकारशक्ती निर्माण झाल्याची नोंद १९९५ सालीच झाली.

कापसाची कथाही हीच. भारतात २००२ साली क्राय-१एसी हे एकच प्रथिन असलेले बीटी वाण आले; २००६ साली त्याला क्राय-२एबीची जोड मिळाली. पण गुजरातच्या गुलाबी बोंडअळीने पहिल्या प्रथिनाला निष्प्रभ केल्याचे २०१० साली जाहीर झाले. पुढे काही वर्षांत तिने दोन्हींवर मात केली आणि महाराष्ट्रालाही तिचा तडाखा बसला. पाकिटाबरोबर मिळणारे १२० ग्रॅम साधे बियाणे आश्रयपट्टा म्हणून बहुतेकांनी पेरलेच नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली. पिकातले संरक्षण ढासळले की शेतकरी पुन्हा फवारणीच्या पंपाकडे वळतो, आणि त्याची किंमत शेवटी आपल्या वॉर्डात मोजली जाते.

आपल्याला हे नवे नाही. क्षयरोगात फसत चाललेल्या उपचारात एकच नवे औषध घालू नये, हे आपण विद्यार्थिदशेतच शिकलो. मला वाटते, कापसात नेमके तेच घडले : पहिले शस्त्र बोथट होत असताना दुसरे एकटेच लढत राहिले.

नव्या संशोधनाने हा धडा गिरवलेला दिसतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील फेडेरिसी यांच्या गटाने इस्रायलेन्सिसमध्येच ‘बिन’चे जनुक घालून मूळ जिवाणूंहून सुमारे दहापट प्रभावी वाण घडवले. मेक्सिकोतील सोबेरॉन आणि ब्राव्हो यांनी २००७ साली क्राय-१ए गटातील प्रथिनांच्या टोकाचा लहानसा तुकडा छाटला. त्यामुळे कॅडहेरिन या ग्राहीवाचूनही ते काम करू लागले आणि प्रयोगशाळेत प्रतिकारक्षम गुलाबी बोंडअळीही त्याला बळी पडली.

तरीही उद्या असे एखादे प्रथिन बाजारात आले, तर त्याचे स्वागत करताना आपण तीनच प्रश्न विचारावेत : त्याचा जोडीदार कोण, आश्रयपट्टा कुठे आणि प्रतिकारावर नजर कोण ठेवणार? गावातल्या शिबिरात रक्तदाब मोजता मोजता शेतकऱ्याला हे समजावून सांगणे, हाही वैद्यकाचाच भाग आहे.