समतेचा कार्यक्रम आणि समतेचा नियम



आपली सभा त्रिशरण-पंचशीलाने सुरू होते. कॅनडातील विद्यापीठांतही हल्ली सभेच्या आरंभी एक निवेदन केले जाते. विद्यापीठ ज्या आदिवासी समाजाच्या पारंपरिक भूमीवर उभे आहे, त्या समाजाचे नाव सर्वांसमक्ष घेतले जाते. व्हँकुव्हर येथील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात हे नाव मस्क्विम समाजाचे असते. त्यांनी ही भूमी करार करून कोणाला दिलेली नव्हती.

यामागे एक दुःखद इतिहास आहे. कॅनडाचे सरकार आणि चर्च यांनी चालविलेल्या निवासी शाळांत सुमारे 1,50,000 आदिवासी मुले घरापासून तोडून नेण्यात आली. त्यांना स्वतःची भाषा बोलण्याची बंदी होती. 1973 साली फिलिस वेबस्टॅड ही सहा वर्षांची मुलगी आजीने घेतलेला नवा नारिंगी शर्ट घालून शाळेत गेली. पहिल्याच दिवशी तो काढून घेण्यात आला. तिच्या आठवणीतून 2013 साली 'नारिंगी शर्ट दिन' सुरू झाला. 30 सप्टेंबरला विद्यापीठांतील विद्यार्थी व अध्यापक नारिंगी शर्ट घालून एकत्र येतात. 2021 पासून हा दिवस राष्ट्रीय स्मरणदिन आहे.

कोणी विचारील, शर्ट घालून काय साधते? प्रश्न रास्त आहे. स्मरणातून कृती निघाली तरच त्याला अर्थ आहे. सत्यशोधन आयोगाने 2015 साली 94 शिफारशी केल्या. 2018 साली ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या अध्यक्षांनी त्या शाळांच्या व्यवस्थेतील विद्यापीठाच्या सहभागाबद्दल जाहीर क्षमा मागितली. मस्क्विम समाजाच्या सहकार्याने त्यांची भाषा तिथे शिकविली जाते. ज्या भाषेवर बंदी होती, ती अभ्यासक्रमात आली, हे महत्त्वाचे.

हीच गोष्ट जातीबाबतही दिसते. परमपूज्य बाबासाहेब 1913 ते 1916 या काळात ज्या अमेरिकेत शिकले, तेथील ब्रँडाइस विद्यापीठाने 2019 साली भेदभावविरोधी नियमांत जातीचा उल्लेख केला. 2022 च्या जानेवारीत कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने आपल्या 23 शाखांसाठी तसेच केले. विद्यार्थी संघटित झाले, बोलले, म्हणून हे घडले. चर्चासत्र एका दिवसात संपते. नियम झाला की एकट्या पडलेल्या विद्यार्थ्यालाही दाद मागता येते.

आपल्याकडे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान 40 टक्के अपंगत्व असलेल्यांसाठी निदान 5 टक्के जागा राखीव ठेवल्या आहेत. पण जागा मिळाली आणि वर्ग तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, तर तो हक्क जिन्याशीच अडतो.

दुसऱ्यांची परीक्षा घेताना आपणही आपल्या दारात पाहावे. विहाराच्या पायऱ्यांशेजारी उतार आहे काय? 14 एप्रिलच्या व्यासपीठावर चाकाच्या खुर्चीतील विद्यार्थिनीला जाता येईल काय? कर्णबधिर बांधवाला भाषण कळावे म्हणून खुणांच्या भाषेचा दुभाषी आहे काय? 9 ऑगस्टच्या आदिवासी दिनी आपण केवळ नृत्य पाहतो, की त्यांच्या वनहक्काचा प्रश्नही ऐकतो?

यंदापासून प्रत्येक निमंत्रणपत्रिकेवर एक ओळ छापावी : 'येण्यास काही सोय हवी असल्यास कळवावे.' आणि कळविणाऱ्याची सोय करण्याची जबाबदारी एका कार्यकर्त्यावर सोपवावी. पंचशील म्हणून झाले की ते पाळायचे असते. समतेचेही तसेच आहे.

जय भीम!