चाचणी कधी विश्वासार्ह?

असुरक्षित शरीरसंबंधानंतर दुसऱ्याच दिवशी केलेली एचआयव्हीची चाचणी ‘निगेटिव्ह’ आली, तरी तिच्यावरून त्या संबंधाविषयी काहीच सिद्ध होत नाही. कारण विषाणू शरीरात शिरल्यापासून चाचणीत दिसू लागेपर्यंतचा काळ, ज्याला ‘विंडो पीरियड’ म्हणतात, चाचणीगणिक वेगळा असतो. शिरेतून घेतलेल्या रक्तावर प्रयोगशाळेत होणारी चौथ्या पिढीची चाचणी विषाणूचे पी-२४ हे प्रथिन आणि विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे अशा दोहोंचा शोध घेते, म्हणून ४५ दिवसांनंतरचा तिचा निष्कर्ष निर्णायक मानला जातो; केवळ प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचणीसाठी मात्र ९० दिवस थांबावे लागते. ही मुदत उलटली असेल आणि दरम्यान नवा धोका घडला नसेल, तर पुनःपुन्हा रक्त तपासत राहण्याने शंकेखेरीज काहीच वाढत नाही. सिफिलिस किंवा गनोरिया यांविषयी एचआयव्ही चाचणीचा अहवाल अर्थातच मौन बाळगतो. त्यांच्या तपासण्या स्वतंत्रपणे कराव्या लागतात. संबंधाला अजून ७२ तास झाले नसतील, तर चाचणीच्या मुदतीची वाट न पाहता, संसर्ग रोखणारी २८ दिवसांची औषधे (पीईपी) घेण्याविषयी तत्काळ डॉक्टरांना विचारावे. सरकारी आयसीटीसी केंद्रांत समुपदेशन व एचआयव्ही चाचणी मोफत होते आणि माहितीसाठी १०९७ हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहे.