ज्वालामुखी मृदा, जावातील
ज्वालामुखी मृदा, जावातील : इंडोनेशियातील जावा बेटावर ज्वालामुखींच्या उतारांवर मुख्यतः राखेपासून बनलेल्या मृदा. उष्ण व दमट हवामानात राखेतील काचमय कणांचे जलद विघटन होऊन कॅल्शियम, मॅग्नेशियम इ. पोषकद्रव्ये मुक्त होतात आणि ॲलोफेन हे जवळजवळ अस्फटिकी खनिज तयार होते. ते ह्यूमस धरून ठेवते. त्यामुळे उंच, थंड उतारांवरील मृदा (अँडोसॉल) काळसर, भुसभुशीत, वजनाला हलकी व पाणी टिकविणारी असते. मात्र हेच खनिज फॉस्फेटही जखडून ठेवते, म्हणून दिसावयास कसदार अशा या जमिनीत पीक फॉस्फरसाअभावी खुरटू शकते. खालच्या, अधिक उष्ण उतारांवर हॅलॉयसाइट व केओलिनाइटयुक्त तांबूस मृदा आढळतात.

राख पडली की जमीन सुपीक होते, हा समज अर्धवट आहे. ताज्या राखेत नायट्रोजन जवळजवळ नसतो व तिचा जाड थर उभे पीक गाडतो. राखेचे रासायनिक संघटनही महत्त्वाचे : जावातील राख बहुतांशी अँडेसाइटी ते बेसाल्टी, तर सुमात्रातील टोबा परिसरातील सिलिकाप्रचुर व पोषकद्रव्यांत उणी. मृदा व लोकवस्तीची घनता यांचा हा संबंध डच मृदावैज्ञानिक मोर यांनी १९३८ मध्ये मांडला. मेरापीच्या २०१० मधील उद्रेकात ३०० हून अधिक माणसे दगावली. तथापि त्याच्या उतारांवर शेती चालूच आहे.