व्हायोलिन तेच, पियानो मात्र हास्किलचा

आर्थर ग्रुमिओ या बेल्जियन व्हायोलिनवादकाने मोत्सार्टचे व्हायोलिन-पियानो सोनाटे फिलिप्स कंपनीसाठी दोनदा ध्वनिमुद्रित केले. पहिल्या खेपेला पियानोवर क्लारा हास्किल होती. १९५६ साली दोन सोनाटे झाले आणि १९५८ साली आणखी चार. दुसरी खेप १९८०च्या दशकाच्या सुरुवातीची, तेव्हा पियानोवर वाल्टर क्लीन हा ऑस्ट्रियन वादक होता. या खेपेला सोनाट्यांची संख्या जास्त, तंत्र डिजिटल, आवाज लख्ख, आणि क्लीन तर मोत्सार्टसाठीच नावाजलेला. वादनात बोट ठेवायला जागा नाही. तरीही पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या कानसेनांमध्ये या सोनाट्यांचा विषय निघाला की जीव अडकलेला दिसतो तो पहिल्या खेपेच्या त्या सहांमध्ये. त्यातले १९५६चे दोन तर मोनो, म्हणजे दोन्ही वाद्ये एकाच वाटेने कानात शिरतात. एलपी गेल्या, सीडी आल्या आणि त्याही जात चालल्या, पण ही ध्वनिमुद्रणे दर पिढीत नव्या वेष्टनात पुन्हा बाजारात येत राहिली. वादक तोच, रचना त्याच, कंपनीही तीच. मग लोकांचे प्रेम एकीकडेच का झुकावे? प्रयोगशाळेत एक घटक बदलून बाकीचे कायम ठेवतात, तसा हा प्रयोग आपसूक होऊन गेला आहे. त्याचे उत्तर मला असे दिसते: श्रोते इथे व्हायोलिनवर किंवा पियानोवर सुटेपणी प्रेम करत नाहीत. दोन माणसे एकमेकांचे ऐकत आहेत, हे त्यांना ऐकू येते आणि त्यांचा जीव तिथे जडतो.

हे विधान गोड वाटावे म्हणून केलेले नाही. त्याला मोत्सार्टच्या रचनेतच आधार आहे. १७७८ साली पॅरिसमध्ये त्याचे सहा सोनाटे छापले गेले (कोशेलने केलेल्या त्याच्या रचनांच्या सूचीत के. ३०१ ते ३०६). त्यांच्या मुखपृष्ठावर ते कळपट्टीच्या वाद्यासाठी, ‘व्हायोलिनच्या साथीसह’ असल्याचे छापले होते. म्हणजे नावापुरती मैफल पियानोची आणि व्हायोलिनवाला साथीदार. त्या काळचा रिवाजच तो होता. हौशी घरांत मुलगी कळपट्टीवर बसे आणि जमेल तसा कुणीतरी व्हायोलिन धरे. पण मोत्सार्टने आत जे लिहिले ते या मुखपृष्ठाला खोटे ठरवते. के. ३०१ हा जी मेजरमधला सोनाटा घ्या. सुरुवातीची लांब, निवांत धून व्हायोलिन म्हणते आणि पियानो तिला खालून आधार देतो. लगेच तीच धून पियानोकडे जाते आणि व्हायोलिन मुकाट्याने साथीला बसते. मुख्य कलाकार कोण, हे दर काही क्षणांनी बदलते. आपल्याकडच्या शब्दांत सांगायचे तर ही साथसंगत नव्हे आणि जुगलबंदीही नव्हे. जुगलबंदीत थोडीफार चुरस असते, तू हे केलेस तर मी ते करतो अशी. इथे प्रत्येकाला आळीपाळीने मुख्य गायक आणि संवादिनीवाला अशा दोन्ही भूमिका कराव्या लागतात. त्यातली दुसरी जास्त अवघड, कारण मोठ्या वादकाला सहसा तीच जमत नाही.

ग्रुमिओ आणि हास्किल यांना ती जमली, याला एक साधे कारण असावे. दोघांनाही दोन्ही वाद्ये येत होती. १८९५ साली बुखारेस्टमध्ये जन्मलेली हास्किल लहानपणी व्हायोलिनही शिकली होती. तिच्याहून सव्वीस वर्षांनी लहान ग्रुमिओ पियानो उत्तम वाजवी. दोघे कधी कधी गंमत म्हणून वाद्यांची अदलाबदल करत. यात पाहुण्यांना थक्क करण्यापलीकडचे काही आहे. व्हायोलिनच्या गजाला कुठे श्वास घ्यावा लागतो, खालून वर येताना सूर कुठे जड होतो, हे ज्या पियानोवादकाच्या हाताला ठाऊक आहे, तो त्या जागी आपणहून क्षणभर थांबतो. पियानोचा सूर हातोडी तारेवर पडताच विरू लागतो, त्याला फुगवता येत नाही, हे ज्या व्हायोलिनवादकाला पक्के माहीत आहे, तो आपला लांबलेला सूर पियानोच्या विरत्या सुरावर आडवा टाकत नाही. के. ३०१ची धून पियानोकडे गेली की ग्रुमिओचा गज कुजबुजण्याइतका हलका होतो, आणि तरी ती कुजबुज ठेक्यात असते, नुसती अदबीची नसते. हास्किलच्या डाव्या हातालाही तेच लागू. साथीचे स्वर सुटे, कोरडेही नाहीत आणि ओलेही नाहीत. पेडलचा वापर इतका मोजका की व्हायोलिनभोवती धुके साचत नाही.

सुरांच्या मेळाचा मुद्दा तर हार्मोनियमचा वाद माहीत असलेल्या मराठी वाचकाला चटकन समजेल. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती १९७१ साली सैल होईपर्यंत तीन दशके टिकली. त्यामागच्या आक्षेपांपैकी एक असा की या पेटीचे स्वर बारा समान तुकड्यांत कापलेले असतात, गळ्याच्या श्रुतींशी ते जुळत नाहीत. पियानोचेही तेच. त्याचा गंधार जिथे बसवला तिथेच बसणार, तर व्हायोलिनचा गंधार बोट किंचित सरकले की हवा तिथे जातो. म्हणून या दोन वाद्यांच्या प्रत्येक मैफलीत एक अदृश्य तडजोड चालू असते. व्हायोलिनवादकाने पियानोच्या स्वरांशी हटकून जमवून घेतले तर त्याचे गाणे बेचव होते. स्वतःच्या स्वरात राहिला तर दोघे मिळून बेसुरे वाटतात. ग्रुमिओच्या स्वच्छ सुरांचे नेहमीच कौतुक झाले आहे, पण एकट्याचा सूर स्वच्छ असणे वेगळे. इथे तो एकटा गातो तेव्हा सुरांना किंचित मोकळीक देतो, आणि दोघे एकाच स्वरावर उतरतात तेव्हा शिवण दिसू नये असा जुळवून घेतो. ई मायनरमधल्या के. ३०४ची सुरुवात याची सर्वांत कठोर परीक्षा आहे. दोन्ही वाद्ये एकच उघडी धून सप्तकाच्या अंतराने वाजवतात, झाकायला खाली कुठलीही स्वरसंगती नाही. दोघांपैकी एकाचाही कान ढळला तर ते पहिल्या चार मात्रांत उघडे पडते. या ध्वनिमुद्रणात तिथे एकच वाद्य वाजत आहे, ज्याला तारही आहे आणि हातोडीही, असे वाटते.

आता आक्षेप पाहू. पहिला आणि सर्वांत मोठा असा की हे प्रेम वादनावरचे नसून हास्किलच्या दुःखावरचे आहे. तिची कहाणी खरोखरच कुणाचेही मन हलवील अशी. पॅरिसच्या संगीतशाळेत पंधराव्या वर्षी पहिले पारितोषिक मिळाले, आणि थोड्याच वर्षांत पाठीचा कणा वाकडा होत गेल्याने तिला प्लास्टरमध्ये जखडून पडावे लागले. दुसऱ्या महायुद्धात पॅरिस सोडून पळावे लागले. १९४२ साली मार्सेयमध्ये तिच्या डोळ्याच्या शिरेवरची गाठ काढली, आणि मग ती स्वित्झर्लंडमध्ये वेवेला पोहोचली. जगाने तिची खरी दखल घेतली तेव्हा तिने पन्नाशी ओलांडली होती. चार्ली चॅप्लिन तिथे तिच्या शेजारच्या गावी राहत असे. आपल्याला भेटलेल्या अस्सल प्रतिभावंतांत आइन्स्टाइन आणि चर्चिल यांच्या बरोबरीने तो तिचे नाव घेई. डिसेंबर १९६० मध्ये ग्रुमिओबरोबरच्या मैफलीसाठी ब्रसेल्सला आलेली हास्किल तिथल्या रेल्वे स्थानकात जिन्यावरून पडली आणि दुसऱ्या दिवशी, ७ डिसेंबरला, गेली. एवढे माहीत असलेल्याच्या कानात दया शिरणारच, हे मान्य. पण मग ध्वनिमुद्रणात दया येण्याजोगे काहीतरी ऐकू यायला हवे, आणि नेमके तेच तिथे नाही. के. ३०४ हा मोत्सार्टच्या आईच्या मृत्यूच्या वर्षाचा, १७७८चा. ती ३ जुलैला पॅरिसमध्ये गेली. इथे गळा काढायला उत्तम निमित्त होते, आणि अनेक वादक काढतातही. हास्किल मात्र दुसऱ्या भागाची धून अशी मांडते, जणू कुणी घरातली जुनी वस्तू हातात घेऊन नुसती पाहावी. मध्ये ई मेजरचा छोटा तुकडा येतो तेव्हाही दोघे वेग फार खाली आणत नाहीत. तिचे दुःख ऐकायला आलेला श्रोता इथून रिकाम्या हाताने परततो. तो परतूनही पुन्हा येतो, याचा अर्थ त्याला दुसरेच काही मिळाले.

दुसरा आक्षेप त्याहून धूर्त. मोठेपण हास्किलचे एकटीचे असेल तर? मृत्यूच्या काही आठवडे आधी, नोव्हेंबर १९६० मध्ये, तिने मार्केविचच्या संचालनाखाली मोत्सार्टचे दोन मायनर पियानो कन्चेर्तो मुद्रित केले, तेही लोकांना तितकेच प्रिय आहेत. हा मुद्दा अर्धा खरा आहे. पण तो ग्रुमिओच्या बाजूने तपासून पाहा. याच जोडीने १९५६-५७ मध्ये व्हिएन्नात बेथोवनचे दहाही सोनाटे मुद्रित केले होते. १९७०च्या दशकात ग्रुमिओने त्यातले काही क्लाउदिओ आराऊबरोबर पुन्हा वाजवले. आराऊ म्हणजे बेथोवनचा जन्मभराचा उपासक, भरदार हाताचा. तिथे ग्रुमिओचे व्हायोलिन बदलते: अधिक सावध, अधिक भारदस्त, जणू मोठ्या माणसासमोर नीट बोलावे. वाईट नक्कीच नाही. पण हास्किलबरोबर तो विनोद करतो, मध्येच अडवतो, वाक्य तिच्यावर सोडून देतो. समोरचा बदलला की बोलणे बदलते, हे कुठल्याही संभाषणाबाबत खरे आहे. मोठेपण तिचे एकटीचे असते तर त्याचा गज असा बदलला नसता.

जुन्या वाद्यांचे पुरस्कर्ते आणखी एक शंका काढतात. मोत्सार्टच्या काळचा फोर्टेपियानो हलका, त्याचा सूर लवकर विझणारा, त्यामुळे व्हायोलिनशी तोल आपोआप साधायचा. आजच्या अवजड पियानोवर हा सगळा खटाटोप कृत्रिम. वाद्यशास्त्र म्हणून हे बरोबरच आहे. पण के. ४५४ची कथा पाहा. १७८४ च्या एप्रिलमध्ये इटालियन व्हायोलिनवादक रेजिना स्त्रिनासाक्कीसाठी व्हिएन्नात हा सोनाटा लिहिताना मोत्सार्टला वेळ पुरला नाही. त्याने व्हायोलिनचा भाग लिहून दिला आणि मैफलीत स्वतः पियानोवर जवळजवळ कोऱ्या कागदासमोर बसून वाजवले. हस्तलिखितात पियानोचा भाग मागाहून, वेगळ्या शाईने दाटीवाटीने भरलेला आजही दिसतो. म्हणजे पहिल्या प्रयोगात तोल राखला तो फोर्टेपियानोने जितका, तितकाच व्हायोलिनकडे लागलेल्या कानाने. १९५६ साली हाच सोनाटा हास्किल आणि ग्रुमिओ वाजवतात तेव्हा वाद्य वेगळे आहे, कानाची रीत तीच.

एक शंका मात्र आपल्या बाजूची. एकाच वादनाचे शेकडो वेळा श्रवण, तेही ठरावीक, हे रसिकतेचे लक्षण कसे? आपला यमन रोज नवा असतो. पण आपणही अब्दुल करीम खाँसाहेबांची ‘पिया बिन नहीं आवत चैन’ ही तीन-साडेतीन मिनिटांची तबकडी अशीच ऐकत आलो आहोत. तिच्यातली प्रत्येक हरकत कुठे येणार हे पाठ असूनही, किंबहुना ते पाठ असल्यामुळेच. दुर्मीळ पहिल्या आवृत्तीच्या एलपींसाठी चढ्या किमती मोजणारे संग्राहक वेगळे. त्यांचे प्रेम काही अंशी वस्तूवरचे असते, आणि त्यात फारसे बिघडलेले नाही. पण ज्यांनी ती तबकडी कधी हातातही धरली नाही, फोनवर ऐकले, तेही याच सहा सोनाट्यांना चिकटून राहतात.

आणि शेवटचा पुरावा खुद्द ग्रुमिओनेच पुरवला आहे. १९५९ साली त्याने एक विलक्षण तबकडी केली. मोत्सार्टचा के. ४८१ आणि ब्राम्सचा दुसरा सोनाटा, दोन्हीत व्हायोलिन त्याचे आणि पियानोही त्याचाच, एकावर एक मुद्रित केलेला. दोघांच्या मनात एकच विचार असावा ही जोडीची आदर्श अवस्था मानली, तर ती इथे शब्दशः साधली आहे. एकही जागा सांधलेली वाटत नाही, कुठे सूर डगमगत नाही. श्रोत्यांनी तिचे कौतुक केले ते करामत म्हणून. ती ऐकताना चुकूनही कुणी कुणाला अडवत नाही, कुणी कुणाची वाट पाहत नाही, कारण पुढे काय येणार हे दोन्ही हातांना आधीच ठाऊक आहे. हास्किल तेव्हा हयात होती, ग्रुमिओबरोबर मैफलीही करत होती. के. ४८१ त्या दोघांच्या सहा मुद्रित सोनाट्यांत नाही. मुद्रित राहिला तो एकट्या ग्रुमिओचा.