हर्नियाचे ऑपरेशन : सुई आधी की गोळ्या नंतर?

गोणी उचलणारे, घमेली वाहणारे, सफाईचे काम करणारे बांधव आपल्या वस्त्यांत पुष्कळ आहेत. जांघेत फुगवटा आला की वर्षानुवर्षे पट्टा बांधून काम रेटायचे, हे आपण घरोघरी पाहतो. पण हर्निया, म्हणजे अंतर्गळ, गोळ्यांनी बरा होत नाही. त्याला ऑपरेशनच लागते. बहुतेक वेळा आत जाळी बसवतात.

ऑपरेशननंतर खरी भीती जखम पिकण्याची. पू झाला की ड्रेसिंगच्या फेऱ्या वाढतात, हजेरी बुडते, घरात उसनवारी सुरू होते. संसर्ग जाळीपर्यंत पोहोचला तर क्वचित ती काढावीही लागते. या भीतीपोटी टाके पडल्यावर पाच-सात दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या घेतल्या जातात. आपल्यालाही वाटते, जास्त औषध म्हणजे जास्त बचाव.

विज्ञान वेगळे सांगते. १९६१ साली अमेरिकेतील डॉ. जॉन बर्क यांनी गिनीपिगांवर प्रयोग करून दाखवले, की जंतू शिरण्याआधी औषध अंगात असेल तर ते उत्तम काम करते. तीन तास उलटल्यावर दिले तर उपयोग होत नाही. म्हणून आज चीर देण्यापूर्वीच्या तासाभरात शिरेतून एक डोस देतात. ऑपरेशन संपल्यावर केवळ बचावासाठी औषध चालू ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली सांगितले. विनाकारण घेतलेल्या गोळ्यांनी जंतू निर्ढावतात, जुलाब होतात, पैसेही जातात.

हा डोस सर्वांनाच लागतो असेही नाही. जिथे जखमा पिकण्याचे प्रमाण कमी, तिथे साध्या हर्नियाला त्याचा फारसा फायदा दिसत नाही. जिथे हे प्रमाण जास्त, तिथे जाळी बसवताना तो उपयोगी पडू शकतो. निर्णय डॉक्टरांचा, विचारण्याचा हक्क आपला.

आपण एवढे करावे : मधुमेह असेल किंवा औषधाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगावे. विडी, सिगारेट काही आठवडे आधी सोडावी. ऑपरेशनपूर्वी साबणाने आंघोळ करावी. घरी वस्तऱ्याने केस काढू नयेत. बारीक जखमांतून जंतू शिरतात. नंतर जखम लाल झाली, पू आला, ताप चढला तर मेडिकलमध्ये न जाता थेट डॉक्टरांकडे जावे. तेव्हा दिलेली अँटिबायोटिके हा उपचार असतो. ती सांगितल्याप्रमाणे पूर्ण घ्यावीत.

कुणी सांगितले म्हणून मानू नका, तपासून पाहा, ही तथागतांची शिकवण दवाखान्याच्या दारातही विसरू नये.