औषध देणारा हात कोणाचा?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर टिपणांत एका थर्मामीटरची हकीकत आहे. काठियावाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची बायको बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर यायला तयार नव्हता. गावातल्या वजनदार माणसांनी शब्द टाकला, दोन रुपये फी ठरली, तेव्हा तो आला. पण अट घालून आला! बाळंतिणीला वस्तीबाहेर आणा, मगच तपासतो. आजारी बाई बाहेर आणली गेली. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिले, त्याने ते नवऱ्याच्या हाती दिले आणि नवऱ्याने बायकोला लावले. ताप मोजून झाल्यावर ते त्याच वाटेने परत गेले. हात न लावताच न्यूमोनियाचे निदान झाले. पुढे डॉक्टर फिरकला नाही आणि ती बाई गेली. त्या शिक्षकाचे पत्र 12 डिसेंबर 1929च्या 'यंग इंडिया'त छापून आले होते. बाबासाहेबांची ही टिपणे 1990 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली.

आम्हाला ही हकीकत आज आठवण्याचे कारण आहे. रोगी आणि औषध यांच्यामध्ये नेहमी एक हात असतो. तो हात विटाळ मानणारा असेल तर माणूस मरतो. आणि तो हात अडाणी असेल तरीही माणूस मरतो, फक्त जरा उशिरा. विटाळावर आपण पुष्कळ बोललो. आज या दुसऱ्या हाताविषयी बोलायचे आहे.

औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयासमोर कधी तासभर उभे राहून पाहा. जालना, बीड, परभणी, हिंगोली, बुलडाण्यापासून आलेली माणसे हातात चिठ्ठी घेऊन मेडिकलच्या काउंटरवर गर्दी करतात. डॉक्टरला त्यांच्यासाठी मिळालेली असतात दोन-तीन मिनिटे. पुढचे सारे प्रश्न ती माणसे विचारतात ते काउंटरवाल्याला. ही जेवणाआधी की जेवणानंतर? बरे वाटले तर बंद करू का? पैसे कमी आहेत, अर्ध्याच गोळ्या द्या, चालेल का? गरीब माणसाचा शेवटचा वैद्यकीय सल्लागार हा काउंटरवरचा माणूस असतो, ही गोष्ट आपण ध्यानात घेत नाही.

क्षयरोगाचेच घ्या. हा रोग झोपडपट्टीचा, कोंदट खोलीचा, अर्धपोटी माणसाचा सोबती. साध्या क्षयाचा उपचार सहा महिने चालतो. त्यातल्या रिफाम्पिसिन या औषधाने लघवी नारिंगी-लाल होते. हे आधी सांगितले नाही, तर रोग्याला वाटते रक्तच जाते आहे. तो घाबरतो आणि गोळ्या सोडतो. दुसरा एखादा दोन महिन्यांत खोकला थांबला म्हणून सोडतो. अर्धवट उपचाराने जंतू निर्ढावतात, मग नेहमीची औषधे लागू पडत नाहीत आणि तो निर्ढावलेला क्षय घरातल्या लेकराबाळांनाही जडू शकतो. एका वाक्याच्या माहितीने टळणारे हे मरण आहे. ते वाक्य बोलण्यासाठी शिकलेला माणूस लागतो. फार्मसीचे शिक्षण म्हणतात ते हेच.

आता एक गंमत पाहा. क्षयरोगाच्या याच एकत्रित गोळ्या आपल्या चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत ल्युपिन कंपनीच्या कारखान्यात बनतात. जागतिक आरोग्य संघटनेने पारखून घेतलेल्या औषधांच्या यादीत त्यांना जागा मिळालेली आहे. अशी पारखलेली औषधे गरीब देशांच्या क्षयरोग कार्यक्रमांसाठी विकत घेतली जातात. एड्सच्या बाबतीतही असेच घडले. तीन औषधांच्या उपचाराला परदेशी कंपन्या वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर मागत असताना 2001 साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने तोच उपचार साडेतीनशे डॉलरमध्ये देऊ केला. आफ्रिकेतली लाखो माणसे पुढे अशाच स्वस्त औषधांवर जगली. गोळी आपल्याकडची आणि जीव वाचला तिकडचा, याचा आम्हाला अभिमान आहे.

पण गोळी बंदरात उतरली म्हणून रोग्याच्या पोटात जात नाही. आफ्रिकेने हे फार किंमत मोजून ओळखले. मलावी नावाचा एक छोटा, गरीब देश आहे. तिथल्या खेड्यांतल्या आरोग्य केंद्रांत औषधे सांभाळायला शिकलेला माणूस नसायचा. मग गोळ्या मोजून द्यायचे काम कधी झाडलोट करणारा कामगार करी, कधी आधीच कामाने वाकलेली नर्स. 2013च्या सुमारास तिथे फार्मसी असिस्टंट तयार करण्याचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम नव्याने उभा राहिला. थोडे महिने वर्गात, थोडे महिने प्रत्यक्ष आरोग्य केंद्रात, अशी त्याची रचना. विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचा खर्च बाहेरच्या मदतीतून उचलला गेला. शिकलेला माणूस औषधाच्या खोलीत बसला तेव्हा साठ्याचा हिशेब लागला आणि नर्सला रोग्यांकडे पाहायला वेळ मिळू लागला.

टांझानियाने आणखी एक वाट काढली. खेड्यापाड्यांत कसलेही शिक्षण नसलेले लोक औषधे विकत होते. ती दुकाने नुसती बंद केली असती तर खेड्याला औषधच मिळाले नसते. म्हणून 2003 साली रुवुमा प्रांतापासून सुरुवात करून सरकारने या दुकानांतल्या विक्रेत्यांना काही आठवड्यांचे प्रशिक्षण दिले, परवाने दिले, तपासणी लावली. या विक्रेत्यांत स्त्रियांचा भरणा मोठा होता. स्वाहिली भाषेत या दुकानाला म्हणतात 'दुका ला दावा मुहिमु'. दुका म्हणजे दुकान, दावा म्हणजे दवा, मुहिमु म्हणजे महत्त्वाचे. महत्त्वाच्या औषधांचे दुकान! शब्दसुद्धा किती जवळचे आहेत! आपल्या शहरात सुदान, सोमालियासारख्या आफ्रिकी देशांतले तरुण शिकायला येत आले आहेत. रस्त्यात त्यांच्याकडे वळून पाहत हसणाऱ्यांनी हे शब्द एकदा उच्चारून पाहावेत. ज्यांनी जातीचे चटके सोसले, त्यांनी तरी काळ्या कातडीला हसू नये.

या साऱ्यातून एकच गोष्ट सिद्ध होते. गरीब घरातल्या मुलामुलींना पैसे देऊन फार्मसी शिकवली, तर फायदा त्या एका मुलाचा होत नाही, सबंध वस्तीचा होतो.

हे बाबासाहेबांनी फार आधी ओळखले होते. 29 ऑक्टोबर 1942 रोजी व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या मागितल्या. कशासाठी? विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी! दरवर्षी दोन लाख रुपये देशातल्या शिक्षणासाठी आणि एक लाख परदेशातल्या शिक्षणासाठी. नुसते कारकून तयार करणारे शिक्षण त्यांना पुरेसे वाटत नव्हते. प्रयोगशाळेचे शिक्षण महाग असते, ते गरिबाच्या आवाक्याबाहेर असते, म्हणूनच सरकारने तिथे पैसा घातला पाहिजे, हा त्यांचा मुद्दा होता. 1944च्या सुमारास सरकारने वर्षाला तीन लाखांची तरतूद केली आणि आज आपण जिला 'भारत सरकार शिष्यवृत्ती' म्हणतो तिचा पाया घातला गेला. ज्यांना स्वतःला 1913 साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीने कोलंबिया विद्यापीठात पोचवले, त्यांना शिष्यवृत्तीची किंमत कोणी सांगावी? 1950 साली त्यांनी याच शहरात मिलिंद महाविद्यालय सुरू केले आणि मराठवाड्याच्या खेड्यातला मुलगा नागसेनवनात येऊन शिकू लागला.

इथे एक फरक नीट समजून घेतला पाहिजे. मलावीच्या मुलाची शिष्यवृत्ती ही परक्याची मदत आहे. ती उद्या बंद झाली तर त्याला भांडता येणार नाही. आपली शिष्यवृत्ती ही मेहेरबानी नाही, तो हक्क आहे. मग हक्काचा पैसा वेळेवर का मिळत नाही?

आमच्या परिचयाचा एक मुलगा आहे. गंगापूर तालुक्यातल्या एका खेड्यातला. आई दुसऱ्याच्या शेतात निंदणी-खुरपणीला जाते. बारावी विज्ञान झाल्यावर त्याने डी. फार्मसीला प्रवेश घेतला. दोन वर्षे शिकला, पाचशे तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण पूर्ण केले. शिष्यवृत्ती मात्र आली नव्हती. संस्थेने सांगितले, फी भरा आणि टीसी, मार्कशीट घेऊन जा. कागदपत्रांशिवाय नोंदणी नाही, नोंदणीशिवाय नोकरी नाही, नोकरीशिवाय पैसे नाहीत! आईने सावकाराकडून पैसे काढले. व्याज फेडण्यासाठी तो वाळूजला एका कारखान्यात कंत्राटी कामावर लागला. नोंदणी झाली, पण तोवर कर्ज फुगले होते. मग एक जण भेटला. म्हणाला, तुझे सर्टिफिकेट दे, दुकान माझे, तू यायचीही गरज नाही, महिन्याला काही हजार तुला देत जाईन. त्याने दिले.

आज त्याचे प्रमाणपत्र कुठल्या तरी मेडिकलच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत टांगलेले आहे. तो वाळूजला खोकी उचलतो आणि काउंटरवर दहावी नापास पोरगा गोळ्या देतो.

ही एकट्याची गोष्ट नाही. 1948च्या फार्मसी कायद्याचे कलम 42 स्पष्ट सांगते, की नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय कोणी डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध देऊ नये. तरीही प्रमाणपत्र भाड्याने देण्याघेण्याचा धंदा महाराष्ट्राला नवा नाही. यात भांडवल असलेला मालक होतो आणि शिकलेला भाडोत्री होतो. आपल्या मुलाची अक्कल वापरली जात नाही, फक्त त्याचे नाव वापरले जाते. आणि त्या काउंटरवर चुकीची गोळी कोणाला मिळते? आपल्याच वस्तीतल्या म्हातारीला! शिष्यवृत्तीचा पैसा वेळेवर न येण्याची किंमत अशी फिरून आपल्याच दारात येते.

सरकारदरबारी काहीच झाले नाही, असे आम्ही म्हणणार नाही. डिसेंबर 2020मध्ये केंद्राने मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी पाच वर्षांकरिता 59,048 कोटींची योजना मंजूर केली. त्यात 60 टक्के वाटा केंद्राने उचलायचा आणि पैसा थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर द्यायचा, असे ठरले. त्याआधी राज्यांवर बोजा टाकून केंद्र अंग काढून घेत होते. मूळ कागदपत्रे अडवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 सालीच बजावले आहे. पण कागदावरचा आदेश आणि संस्थाचालकाचे कपाट यांत अंतर असते. याच महाराष्ट्रात शिष्यवृत्तीतल्या गैरव्यवहाराच्या चौकशीसाठी सरकारला 2016 साली विशेष पथक नेमावे लागले होते. आणि त्याच वर्षी जानेवारीत हैदराबादेत रोहित वेमुला गेला, तेव्हा त्याची सात महिन्यांची फेलोशिप थकलेली होती. हे आम्ही विसरलेलो नाही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. शिष्यवृत्तीचा पैसा वार्षिक परीक्षेच्या आधी खात्यावर आला पाहिजे. फीसाठी टीसी आणि मार्कशीट अडवणाऱ्या संस्थेवर कारवाई झाली पाहिजे. औषध निरीक्षकाने दुकानात गेल्यावर भिंतीवरचे प्रमाणपत्र वाचून थांबू नये, ते ज्याच्या नावाचे आहे तो माणूस समोर उभा आहे का, हे पाहावे.

आणि तरुणांनो, काही आपल्यालाही करावे लागेल. सर्टिफिकेट भाड्याने देऊ नका. तुमच्या आईच्या घामाचा तो कागद आहे. केंद्राच्या जनऔषधी योजनेत डी. फार्मसी, बी. फार्मसी झालेल्यांना केंद्र उघडता येते. 120 चौरस फुटांची जागा लागते. अनुसूचित जाती-जमातींच्या अर्जदारांना फर्निचर आणि संगणकासाठी दोन लाखांपर्यंत एकरकमी साहाय्याची तरतूद आहे. समाजातल्या नोकरदारांनी जयंतीच्या वर्गणीतला एक हिस्सा बाजूला काढला, तर शिष्यवृत्ती येईपर्यंत चार मुलांची फी उसनी भरता येईल. पैसा आला की त्यांनी तो परत करायचा आणि पुढच्या चौघांना द्यायचा. डीजेचा आवाज दुसऱ्या दिवशी उरत नाही. फार्मासिस्ट झालेली मुलगी चाळीस वर्षे वस्तीच्या उपयोगी पडते.

बौद्ध वाङ्मयात जीवकाची कथा आहे. जन्मताच उकिरड्यावर टाकलेले ते मूल. राजकुमार अभयाने उचलून वाढवले. तक्षशिलेला सात वर्षे वैद्यक शिकल्यावर गुरूने सांगितले, आसपास फिरून औषधी नसलेली एक तरी वनस्पती शोधून आण. जीवक फिरला आणि रिकाम्या हाताने परत आला. औषधी नसलेले त्याला काही सापडलेच नाही. तेव्हा गुरूने त्याचे शिक्षण पूर्ण झाल्याचे सांगितले. उकिरड्यावरचे ते लेकरू पुढे खुद्द भगवान बुद्धांचा वैद्य झाले.

आमच्या उकिरड्यांवरही टाकून दिलेले जीवक आहेत. काठियावाडातल्या त्या बाईच्या कपाळावर ज्याने हात ठेवला नाही, त्याला आपण शंभर वर्षे दोष देतो आहोत. तो द्यायलाच हवा. पण तो हात ठेवणारी माणसे आता आपल्याच घरातून तयार झाली पाहिजेत. ती शिकत आहेत. त्यांचा पैसा त्यांना वेळेवर द्या, एवढेच आमचे सरकारला सांगणे आहे.

जयभीम!